भास्कराचार्य : जयंती, वर्ष आणि तिथी

भास्कराचार्यांची नऊशेवी जयंती २०१४ साली साजरी झाली. तिच्या वर्षास आधार आहे, दिवसास नाही. शके १०३६ मध्ये आपला जन्म झाला व छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला, एवढेच त्यांनी गोलाध्यायात नमूद केले आहे. हे शकवर्ष इ. स. १११४ च्या वसंतात सुरू होऊन १११५ मध्ये संपते. तेव्हा इसवी सनही पूर्ण निश्चित नाही. ग्रहणकालाचे सूक्ष्म गणित मांडणाऱ्या या ज्योतिर्विदाने स्वतःची जन्मतिथी मात्र सांगितली नाही.

पिता महेश्वर हेच त्यांचे गुरू. सह्याद्रीच्या आश्रयास असलेले विज्जलविड हे त्यांचे गाव. त्याच्या स्थानाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. एकोणसत्तराव्या वर्षाच्या सुमारास, शके ११०५ मध्ये, त्यांनी ‘करणकुतूहल’ सिद्ध केले. त्यापुढील आयुष्याची नोंद नाही. ११८५ हे प्रचलित मृत्युवर्ष केवळ तर्काचे आहे. लीलावती या कन्येच्या हुकलेल्या विवाहमुहूर्ताची कथाही फैजीच्या १५८७ मधील फारसी अनुवादातून पसरली. मूळ ग्रंथाहून ती चार शतकांनी अर्वाचीन आहे.

कुटुंबाने केलेले स्मरण मात्र निःसंशय आहे. नातू चांगदेव याने चाळीसगावजवळील पाटण येथे आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला. तेथील शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. त्यात जयंतीची व्यवस्था नाही; अध्यापनाची आहे.