रॉबर्ट वॉरिंग्टन

बेळगाव-निपाणीकडील आम्ही मुले तळ्यातील मासे हौसेने काचेच्या बरणीत आणून ठेवतो. पाणी नितळ दिसते, तरी मासे दोन-चार दिवसांत दगावतात. या कोड्यावर प्रयोगाने प्रकाश टाकणाऱ्यांपैकी रॉबर्ट वॉरिंग्टन हे एक होत.

त्यांचा जन्म १८०७ साली इंग्लंडमध्ये झाला. १८४१ साली लंडनच्या केमिकल सोसायटीच्या स्थापनेत ते अग्रेसर होते. १८४९ साली त्यांनी काचपात्रात दोन सोनमासे व व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. मासे सोडतात तो कर्बवायू वनस्पती घेते आणि उजेडात प्राणवायू देते. परंतु पाने कुजून पाणी गढूळ झाले. तेव्हा त्यांनी तळ्यातील गोगलगायी पात्रात सोडल्या. त्यांनी ती घाण खाल्ली व पाणी निवळले. हा वृत्तांत १८५० साली प्रसिद्ध झाला. १८६७ साली वॉरिंग्टन निवर्तले.

माशांच्या उत्सर्गातील विषारी अमोनियाचे काय होते, हे कळण्यास त्यांच्याच नावाच्या पुत्राचे संशोधन उपयोगी पडले. जमिनीतील सूक्ष्म जीव अमोनियाचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात, असे त्यांनी दाखविले. असेच जीव काचपेटीतील वाळूतही वाढतात.

म्हणून आम्ही आता वाळू घासून धूत नाही व सगळे पाणी एकदम बदलत नाही. नितळ पाणी जिवाला मानवेलच असे नाही, हा धडा आम्हांस या पितापुत्रांनी दिला.