निरक्षर मातेची अक्षर कविता

खानदेशात जळगावलगतच्या असोदे या गावी, १८८० साली, महाजनांच्या शेतकरी कुटुंबात बहिणाबाईंचा जन्म झाला. वडील उखाजी, आई भिमाई. तीन भाऊ व तीन बहिणी असे ते भरलेले घर होते. मुलींनी शाळेत जावे असा तो काळ नव्हता. बहिणाबाईंना अक्षरओळख झाली नाही, ती अखेरपर्यंत. वयाच्या तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी खंडेराव चौधरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि माहेरच्या अंगणातून त्या सासरच्या मोठ्या खटल्यात आल्या.

तिशीतच त्यांना वैधव्य आले. पदरी ओंकार व सोपानदेव हे दोन मुलगे आणि काशी ही कन्या होती. पुढे प्लेगच्या साथीने ओंकारला कायमचे अपंगत्व आले. दुःख कवटाळून बसण्याइतकी सवड शेतकऱ्याच्या घरात कोणालाच नसते. पेरणी, निंदणी, कापणी, मळणी हे ऋतुचक्र चालूच राहिले आणि त्या चक्राबरोबर बहिणाबाईंच्या ओठी ओव्या येत राहिल्या. जात्यावर दळताना, शेतात राबताना त्या सहज रचत आणि गात. सुगरणीचा खोपा, विहिरीवरची मोट, आखाजीचा सण, पोळ्याचे बैल, माणसाचे चंचल मन आणि संसाराचे चटके, सारे त्यांच्या गाण्यात आले. तेही पुस्तकी भाषेत नव्हे, तर घरच्या लेवा गणबोलीत.

मात्र ही गाणी वाऱ्यावरच होती. रचणारीला लिहिता येत नव्हते आणि ऐकणाऱ्या आयाबायांना ती रोजच्या कामाचाच भाग वाटत. पुत्र सोपानदेव स्वतः कवी झाले. त्यांनी आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी त्यांतील काही गाणी ऐकून कागदावर उतरवून ठेवली. जी उतरवली गेली नाहीत, ती कायमची हरपली.

३ डिसेंबर १९५१ रोजी जळगाव येथे बहिणाबाईंचे निधन झाले. एका शेतकरी वृद्धेच्या मृत्यूची दखल महाराष्ट्राने तेव्हा घेतली नाही. त्यानंतर सोपानदेवांनी संकोचतच ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली. हे बावनकशी सोने आहे, हे अत्र्यांनी ओळखले आणि ते प्रकाशात आणण्याचा आग्रह धरला. १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. हयातीत ज्यांनी स्वतःची एक ओळही छापलेली पाहिली नाही, त्या मराठीच्या अग्रगण्य कवयित्रींत गणल्या गेल्या. १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटाने त्यांची गाणी घरोघरी नेली. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. शाळेची पायरीही न चढलेल्या स्त्रीचे नाव आज पदवीपत्रांवर झळकते.

बहिणाबाईंची प्रतिभा त्यांची स्वतःची. ती टिकली मात्र घरातील लिहित्या हातांमुळे. दिल्लीतील लक्ष्मीबाई नगरासारख्या वसाहतीत, महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर, मराठी घराघरांत आजी-आईच्या मुखी जगते. तिथल्याही ओव्या, म्हणी आणि गोष्टी कोणी उतरवून घेतल्या नाहीत, तर बोलणाऱ्यांबरोबरच निघून जातील. मुलांना अक्षर शिकवणाऱ्या शाळेचे मोल अशा वेळी कळते.