पुण्यश्लोक अहल्याबाई आणि खासगीचे धन

मठाच्या स्मृतिग्रंथात आचार्यांची, यतींची व सत्पुरुषांची चरित्रे यावीत हा परिपाठच आहे. त्या मालिकेत एका राजस्त्रीचे चरित्र कशासाठी, अशी शंका एखाद्या वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर असे की, संन्यासी एकदाच सर्वस्वाचा त्याग करतो आणि मोकळा होतो. गृहस्थाला ती सोय नाही. त्याला घर चालवावयाचे असते, मुलाबाळांची तरतूद करावयाची असते, आणि हे सर्व करीत असताना आपल्याजवळच्या वस्तूंपैकी कोणती खरोखर आपली, कोणती दुसऱ्याची ठेव आणि कोणती देवाची, याचा निवाडा त्याला रोज करावा लागतो. हा निवाडा करणे त्यागापेक्षा सोपे नाही. ज्या स्त्रीच्या हाती माळव्यातील एका मोठ्या दौलतीची किल्ली अठ्ठावीस वर्षे होती, तिने तो कसा केला हे जाणून घेणे गृहस्थाश्रमी भक्तांस म्हणूनच उपयुक्त ठरेल.

अहल्याबाईंचा जन्म १७२५ साली चौंडी या गावी झाला. हे गाव आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील. घर खाऊनपिऊन सुखी, परंतु वैभवाचे नव्हे. १७३३ च्या सुमारास सुभेदार मल्हारराव होळकरांचे एकुलते एक पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि पाटलाची ही कन्या माळव्याच्या सुभेदाराची सून झाली. सासूबाई गौतमाबाई या कर्तबगार आणि करड्या शिस्तीच्या होत्या. घरातील जिन्नस, कोठीचा हिशेब, नोकरचाकरांची देणी आणि देवघराची व्यवस्था यांचे पहिले शिक्षण अहल्याबाईंना त्यांच्याच हाताखाली मिळाले. पुढे दौलतीचा जमाखर्च ज्या चोखपणे त्यांनी ठेवला, त्याचे मूळ या शिक्षणात आहे.

येथे खासगी म्हणजे काय हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण बाईंच्या चरित्राचे मर्म त्या एका शब्दात आहे. होळकरांच्या उत्पन्नाचे दोन भाग होते. पहिला भाग दौलतीचा. तो फौजेच्या खर्चासाठी पेशव्यांकडून मिळालेला सरंजाम होता. त्यावर शिपायाचा, घोड्याचा आणि मोहिमेचा हक्क पहिला. दुसरा भाग खासगीचा. १७३४ साली बाजीराव पेशव्यांनी मल्हाररावांच्या विनंतीवरून सुमारे तीन लाख रुपये वार्षिक उत्पन्नाचे महाल गौतमाबाईंच्या नावे स्वतंत्र करून दिले. हे उत्पन्न घरच्या स्त्रीचे; त्याचा विनियोग तिने आपल्या इच्छेप्रमाणे करावा, असा त्याचा अर्थ होता. १७६१ साली गौतमाबाई निवर्तल्या आणि खासगी अहल्याबाईंकडे आली. कायद्याने, रूढीने व घराण्याच्या संमतीने हे धन सर्वस्वी त्यांचे स्वतःचे होते. त्यातून त्यांनी स्वतःसाठी रत्ने घेतली असती, महाल उठविले असते, तरी कोणीही बोट दाखविले नसते. हे ध्यानात ठेवूनच पुढील कथा वाचावी.

तत्पूर्वी १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव तोफेचा गोळा लागून पडले. बाई त्या वेळी अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. त्या सती जाण्यास सिद्ध झाल्या असता वृद्ध मल्हाररावांनी त्यांना परावृत्त केले; पुत्र गेला, आता सुनेनेच पुत्राची जागा घ्यावी, अशी त्यांची विनवणी होती. बाईंनी ती मानली. प्राण राखला, परंतु त्याच दिवसापासून वैभवाची इतर सर्व चिन्हे उतरविली. त्यानंतर त्यांनी पांढरे वस्त्र नेसले ते अखेरपर्यंत. दागिन्यांपैकी गळ्यातील एक लहानशी माळ तेवढी ठेवली. ज्या घरात मोहिमांवरून हत्तीउंटांवर लादून जडजवाहीर येत असे, त्या घरच्या सुनेने स्वतःसाठी एवढेच ठेवले. मात्र या वैराग्याने त्या कर्तव्यापासून दूर गेल्या नाहीत. सासऱ्यांनी त्यांच्यावर कारभाराचा भार टाकला. तोफखान्याची व रसदेची व्यवस्था करण्याविषयी त्यांनी सुनेस लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत.

१७६६ साली मल्हारराव आलमपूर येथे वारले. गादी अहल्याबाईंचे पुत्र मालेराव यांच्याकडे आली. परंतु एक वर्षाच्या आतच, १७६७ साली, तेही गेले. पती नाही, सासरा नाही, पुत्र नाही, आणि खजिना मात्र भरलेला, अशी स्थिती झाली. अशा घराकडे लोकांची दृष्टी वळण्यास वेळ लागत नाही. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी बाईंनी एखादे अल्पवयी मूल दत्तक घ्यावे असा आग्रह धरला आणि राघोबादादांस माळव्यात येण्याचे सुचविले. बाईंनी दत्तकाचा हेतू ओळखला. त्यांनी शिंदे, भोसले, गायकवाड आदी सरदारांकडे साहाय्य मागितले, फौज सज्ज केली आणि क्षिप्रेच्या तीरावर आलेल्या दादांस युद्धावाचून परतावे लागले. माधवराव पेशव्यांनी बाईंचा अधिकार मान्य केला. फौजेचे आधिपत्य त्यांनी तुकोजी होळकरांकडे सोपविले व राज्यकारभार आपल्याकडे ठेवला.

याच काळाशी निगडित असलेली तुळशीपत्राची कथा माळव्यात घरोघरी सांगितली जाते. सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने बाईंच्या पश्चात सुमारे पंचवीस वर्षांनी, त्यांना पाहिलेल्या लोकांकडून माहिती गोळा केली, तीतही ती आली आहे. होळकरांचे संचित धन हाती येताच बाईंनी त्यावर तुळशीपत्र व उदक ठेवून ते धर्मकार्यास संकल्पिले. पुढे राघोबादादांनी या धनाची मागणी केली तेव्हा बाईंनी कळविले की, हे द्रव्य संकल्पित आहे; ब्राह्मण या नात्याने दान म्हणून घ्यावयाचे असेल तर मंत्रपूर्वक उदक सोडण्यास आपण तयार आहोत. प्रतिग्रह घेणारा भिक्षुक होणे दादांस मानवले नाही.

पुष्कळ लोक ही कथा बाईंच्या चातुर्याचा नमुना म्हणून सांगतात. ती चातुर्याची आहेच. परंतु धर्मशास्त्राच्या दृष्टीने तिचा अर्थ अधिक खोल आहे. हातावरून उदक सोडणे हा केवळ उपचार नव्हे. त्या क्षणी दात्याचे स्वत्व, म्हणजे त्या वस्तूवरील त्याचा मालकी हक्क, निवृत्त होतो. ज्याने संकल्प केला त्याने ती वस्तू पुन्हा आपली म्हणू नये, आपल्या भोगास लावू नये. म्हणजे तुळशीपत्र ठेवल्याने ते धन राघोबादादांना जसे वर्ज्य झाले, तसेच ते स्वतः बाईंनाही वर्ज्य झाले. दुसऱ्यापासून धन राखण्यासाठी माणसे कुलुपे लावतात. बाईंनी असे कुलूप लावले की त्याची किल्ली त्यांच्याजवळही उरली नाही. त्यांच्या पुढील अठ्ठावीस वर्षांच्या वर्तनाने हा संकल्प खरा होता हे सिद्ध केले.

राजधानी त्यांनी नर्मदातीरी महेश्वर येथे नेली. तेथील त्यांचा वाडा आजही उभा आहे. राजवाडा म्हणून पाहावयास आलेला प्रवासी त्याचा साधेपणा पाहून चकित होतो. आणि तेथून खाली उतरून घाटांवर येताच त्याला कळते की बाईंचा दगड, चुना आणि कारागिरी कोठे खर्ची पडली. आपल्यासाठी लाकूड व माती, आणि नर्मदेच्या यात्रेकरूंसाठी कोरीव पाषाण, असा तो विभाग आहे. सूर्योदयापूर्वी उठून स्नान, पूजा, पुराणश्रवण, दान व ब्राह्मणभोजन, नंतर साधे शाकाहारी भोजन. दुपारपासून सायंकाळपर्यंत उघड्या दरबारात लोकांची गाऱ्हाणी ऐकणे. पुन्हा पूजा, आणि रात्री पुन्हा कारभार, असा त्यांचा नित्यक्रम होता. महेश्वरी विणकर वसले आणि तेथील वस्त्रांचा लौकिक दूरवर पसरला. बाई स्वतः मात्र पांढऱ्या वस्त्रातच राहिल्या.

खासगीचे धन कोठकोठे गेले याची गणना करणे कठीण आहे. काशीस श्रीविश्वेश्वराचे मंदिर १७८० साली उभे राहिले. सोमनाथास भग्न मंदिराजवळ नवे देवालय १७८३ साली झाले. गयेस विष्णुपद मंदिर १७८७ साली पूर्ण झाले. वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार झाला. बदरीकेदारापासून रामेश्वरापर्यंत आणि द्वारकेपासून जगन्नाथापर्यंत कोठे घाट, कोठे धर्मशाळा, कोठे विहीर, कोठे अन्नछत्र उभे राहिले. दक्षिणेकडील देवस्थानांस अभिषेकासाठी गंगोदकाच्या कावडी नियमाने जात. यातील बहुतेक स्थाने होळकरांच्या मुलखाबाहेरची आहेत, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. जेथून एक पैचा वसूल यावयाचा नाही, तेथे त्यांनी खर्च केला.

परंतु मोठ्या मंदिरांच्या नामावळीत बाईंचे खरे मन सापडेलच असे नाही. महेश्वराच्या आसपास उन्हाळ्यात वाटसरूंसाठी पाणपोया असत. हिवाळ्यात गरिबांस वस्त्रे वाटली जात. नांगराला जुंपलेल्या बैलांस पाणी पाजण्यासाठी त्यांची माणसे शेतांवर जात. शेतकरी पिकावरून पाखरे हाकलतात, मग पाखरांनी खावे काय, या विचाराने उभ्या पिकाची शेते विकत घेऊन ती पक्ष्यांसाठी मोकळी सोडली जात. माल्कमला या गोष्टींचे आश्चर्य वाटले व त्याने त्या नोंदवून ठेवल्या. ज्याला मागता येते त्याला सर्वच देतात. ज्याला वाचाच नाही, त्याचाही आपल्या धनात भाग आहे, असे मानणारा विरळा.

या दानधर्मावर आक्षेप घेणारेही होते व आहेत, हे लपविण्याचे कारण नाही. तुकोजी होळकर वर्षानुवर्षे दूरच्या मोहिमांत गुंतलेले असत. फौजेचा पगार थकला की महेश्वराकडे पैशाची मागणी येई. बाई हिशेब मागत, तुकोजींकडून तो वेळेवर येत नसे, आणि दोघांत कटुता उत्पन्न होई. मंदिरांवर गेलेला पैसा फौजेवर खर्च झाला असता तर होळकरांचे लष्करी बळ वाढले असते, असे मत काही इतिहासकारांनी मांडले आहे. हा आक्षेप पोकळ नाही. परंतु त्याचा विचार करताना दौलत व खासगी यांतील मर्यादा विसरून चालणार नाही. दौलतीच्या उत्पन्नातून फौजेचा खर्च व्हावा हे बाईंना मान्यच होते. त्या पैशाचा चोख हिशेब मात्र त्यांना हवा होता. दौलतीचा पैसा आपल्या पुण्यासाठी वापरावयाचा नाही आणि संकल्पित धन मोहिमेच्या निकडीत मोडावयाचे नाही, ही सीमारेषा त्यांनी दोन्ही बाजूंनी पाळली. एका बाजूने ती पाळणारे पुष्कळ असतात.

दुसऱ्याच्या धनाविषयी त्यांची दृष्टी याहूनही स्वच्छ होती. निपुत्रिक सावकार वारला की त्याचे धन सरकारजमा करण्याची किंवा दत्तकास संमती देताना मोठा नजराणा उकळण्याची त्या काळी सर्रास रीत होती. बाईंनी तसे केले नाही. विधवांना दत्तक घेण्याची मोकळीक दिली आणि नजराण्यासाठी अडवणूक करणाऱ्या अधिकाऱ्यास आवर घातला. खरगोण येथील एका धनिक घराण्यातील विधवा आपली सर्व संपत्ती बाईंच्या चरणी अर्पण करण्यास आली असता त्यांनी ती स्वीकारली नाही. ते धन तिने स्वतःच्या हाताने लोकोपयोगी कार्यास लावावे असा उपदेश केला. तेथील घाट व गणपतीचे देऊळ या धनातून झाले. देवाच्या नावाने देखील दुसऱ्याचे धन आपल्याकडे ओढावयाचे नाही, हा विवेक दानशूरांतही दुर्मिळ असतो.

धन सोडणे एक वेळ जमते. कीर्ती सोडणे जमत नाही. एका विद्वान ब्राह्मणाने बाईंच्या स्तुतीने भरलेला ग्रंथ रचून त्यांच्यापुढे वाचला. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला, आपण एवढ्या स्तुतीस पात्र नाही असे सांगितले, आणि तो ग्रंथ नर्मदेत सोडण्याची आज्ञा केली. पुराणे नित्य ऐकणाऱ्या, शास्त्री-पंडितांना आश्रय देणाऱ्या बाईंना ग्रंथाची किंमत ठाऊक नव्हती असे कोण म्हणेल? तरीही आपल्या जवळच्या वस्तूंत स्वस्तुतीची पोथी ठेवण्यासारखी नाही, असा निर्णय त्यांनी दिला. पाठशाळेत शिकणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांस हा प्रसंग विशेष मननीय वाटतो, कारण पंडिताला सर्वांत मोठा मोह धनाचा नसून प्रशंसेचा असतो.

उत्तरायुष्यात दैवाने त्यांच्याकडे उरलेलेही मागून घेतले. कन्या मुक्ताबाई हिचा एकुलता एक पुत्र तरुणपणीच वारला आणि १७९१ साली जावई यशवंतराव फणसे निवर्तले. मुक्ताबाईने सती जाण्याचा निश्चय केला. बाईंनी तिला परोपरीने विनविले. परंतु ज्या विनवणीने एके काळी त्या स्वतः थांबल्या होत्या, त्या विनवणीने मुलगी थांबली नाही. चितेपाशी त्यांचा धीर सुटला. तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही, कोणाशी शब्द बोलल्या नाहीत. हा शोक आपण वैराग्याच्या नावाखाली झाकू नये. सोने, रत्ने, महाल आणि स्तुती यांवर ज्यांनी सहज पाणी सोडले, त्यांना एक मुलगी सोडता आली नाही. वस्तूंचा निर्मोह आणि माणसांविषयीची निष्ठुरता या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढे त्यावरून स्पष्ट व्हावे.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, अहल्याबाईंनी महेश्वर येथे देह ठेवला. होळकरांची दौलत पुढे अनेक स्थित्यंतरांतून गेली आणि १९४८ साली इंदूर संस्थान मध्यभारतात विलीन झाले. फौज, सरंजाम व राजचिन्हे यांचा काळ संपला. खासगीच्या धर्मादायांसाठी मात्र १९६२ साली बाईंच्या नावाने न्यास स्थापन करण्यात आला. ज्या धनावर मालकी सांगितली गेली ते विरून गेले. ज्यावरून उदक सोडले गेले त्याची आठवण अन्नछत्रांच्या व घाटांच्या रूपाने राहिली.

आपल्यापैकी कोणाजवळ सुभेदाराचा खजिना नाही. पण प्रत्येक घरात थोडी दौलत आणि थोडी खासगी असतेच. मुलांचे शिक्षण, वृद्धांचे औषध, देणेकऱ्याचे देणे ही आपली दौलत. तिला हात लावून पुण्य जोडू नये. त्यापलीकडे जे उरते ती आपली खासगी. ती कितीही अल्प असो, तिच्यावर तुळशीपत्र ठेवण्याचा अधिकार आपल्याला आहे. कोणते कोठे संपते व कोणते कोठे सुरू होते, हे ओळखण्याची बुद्धी श्रीगुरुकृपेने आम्हा सर्वांस लाभो, एवढीच या मंगल प्रसंगी प्रार्थना.