अंगणात उतरलेली शाळा

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील आदिवासी पाड्यांवर ‘अंगणवाडी’ हा शब्द आज घरोघरी रुळला आहे. त्याला अर्थ मिळाला तो जुन्या ठाणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, डहाणू तालुक्यातील बोर्डीच्या किनाऱ्यावर. तो मिळवून देणाऱ्या ताराबाई मोडक यांनी आयुष्यभर एकाच प्रश्नाचा पाठपुरावा केला : लहान मुलाला शिकवायचे, तर त्याच्या हातात नेमके काय द्यायचे?

१९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत, प्रार्थना समाजाच्या संस्कारांत वाढणाऱ्या केळकर कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९१४ मध्ये त्या बी.ए. झाल्या. पुढे वैवाहिक जीवन दुभंगले आणि मुलीसह स्वतःच्या पायावर उभे राहण्याची वेळ आली. राजकोटच्या स्त्री-अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांना लाभले. परंतु भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका करीत असलेल्या बालशिक्षणाच्या प्रयोगांनी त्यांना ओढून घेतले. मानाची नोकरी सोडून १९२३ मध्ये त्या तेथे दाखल झाल्या.

मॉन्टेसरी पद्धत तेव्हा भारतात नवी होती. तिची साधने महाग, गाणी-गोष्टी परक्या. भावनगरमध्ये या पद्धतीला देशी रूप देण्याचे काम चालले होते. बालगीते, गोष्टी, नाट्यप्रवेश, खेळ असे साहित्य मुलांपुढे मांडून पाहायचे आणि त्यांच्या प्रतिसादावरून बदलायचे, ही ताराबाईंच्या कामाची रीत बनली. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३३ पासून मराठी ‘शिक्षणपत्रिके’च्या संपादनातून त्यांनी पालक व शिक्षकांशी संवाद साधला. १९३६ मध्ये दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू झाला.

शहरात मान्यता मिळाली, तरी बालशिक्षण सुखवस्तू घरांपुरतेच उरल्याची जाणीव त्यांना स्वस्थ बसू देईना. १९४५ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्यांनी बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र उघडले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. येथे अनुभव वेगळा आला. सर्वात गरजू मुलेच बालवाडीत येईनात. कोणी धाकट्या भावंडाला सांभाळी, कोणी गुरांमागे जाई, तर दलित वस्तीतील मुलांना गावातल्या शाळेचा उंबरठाच परका होता.

ताराबाईंनी दोष मुलांना दिला नाही. शाळेचीच रचना बदलली. मूल येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी आकाराला आली. विकतच्या साधनांची जागा शिंपले, बिया, खडे, पाने, काड्या आणि माती यांनी घेतली. मोजणे, रंग ओळखणे, आकार लावणे हे सारे त्यातून साधू लागले. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तीत हलले. तेथे गुराख्या मुलांसाठी चराऊ रानातच कुरणशाळा भरू लागली, तर विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आल्या. धाकटे भावंड पाळणाघरात राहिले की थोरले वर्गात बसू शके.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे १९९२ मध्ये स्वतःच्या निधनापर्यंत अनुताईंनी कोसबाडचा वारसा सांभाळला.

१९७५ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. २०१४ मध्ये बोर्डी-कोसबाड नव्या पालघर जिल्ह्यात गेले. शहापूर-मुरबाड ठाण्यातच राहिले. पूरक आहार, लसीकरण, वजनाच्या नोंदी ही सरकारी अंगणवाडीची मोलाची कामे आहेत. ताराबाईंची अंगणवाडी मात्र मूठभर शिंपल्यांभोवती बसलेल्या मुलांपासून सुरू झाली होती. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला पोटभर आहाराबरोबर खेळ, गोष्ट आणि गाणेही त्याच अंगणात मिळाले, तरच तो शब्द पूर्ण अर्थाने पाड्यावर पोहोचला असे म्हणता येईल.