सात घड्याळं आणि एक डबल क्लिक

आमच्या प्रोजेक्ट ग्रुपमध्ये मी आळशी म्हणून प्रसिद्ध आहे. कारण काय, तर पीसी सुरू झाल्यावर एडिटर, ब्राउझर, कॅल्क्युलेटर आणि रिपोर्ट हे चार शॉर्टकट मी एकेक करून उघडत नाही. नोटपॅडमध्ये चार ओळी लिहून डेस्कटॉपवर एक बॅच फाइल ठेवली आहे. तिच्यावर डबल क्लिक केलं की चौघंही हजर! प्रत्येक ओळ 'स्टार्ट'ने सुरू करायची, नाहीतर पहिला प्रोग्राम बंद होईपर्यंत पुढचा उघडतच नाही.

मित्रांनो, या आळसाला मोठी परंपरा आहे आणि तिच्यात एका बाईंचं नाव फार वरचं आहे : ग्रेस हॉपर.

९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचा जन्म झाला. सात वर्षांच्या असताना, गजराचं घड्याळ चालतं कसं हे बघायला त्यांनी घरातली सात घड्याळं खोलून ठेवली. आईने मग त्यांना एकाच घड्याळावर प्रयोग करायची परवानगी दिली! १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणितात पीएच.डी. झाल्या, व्हॅसार कॉलेजात त्या आधीपासूनच शिकवत होत्या. महायुद्धात नौदलात जायचं तर वजन कमी भरलं. तरी खास सवलत मिळवून त्या १९४३ मध्ये दाखल झाल्याच आणि पुढच्या वर्षी हार्वर्डच्या मार्क-१ या सुमारे १५ मीटर लांबीच्या यंत्रापाशी पोहोचल्या.

तिथे प्रोग्राम म्हणजे भोकं पाडलेली कागदी पट्टी. एखादं गणित एकदा नीट जमलं की त्याच्या सूचना वहीत उतरवून ठेवायच्या आणि पुढच्या वेळी पुन्हा हाताने नकलून घ्यायच्या. नकलताना आकडा चुकायचा, बेरीज चुकायची. हॉपरबाईंना प्रश्न पडला, हे हमाली काम माणसाने का करायचं? यंत्र कशासाठी आहे?

१९४९ मध्ये त्या युनिव्हॅक बनवणाऱ्या कंपनीत गेल्या. १९५२ मध्ये त्यांनी ए-० तयार केला. तयार तुकडे टेपवर ठेवलेले, प्रत्येकाला एक क्रमांक. प्रोग्रामरने फक्त क्रमांक क्रमाने लिहायचे. तुकडे शोधून, पत्ते जुळवून अख्खा प्रोग्राम शिवायचं काम यंत्राचं. माझी फाइल वेगवेगळे प्रोग्राम नुसते हाका मारून उठवते, ए-० तुकड्यांचा एकच प्रोग्राम बनवत असे. हा फरक मोठा आहे. पण नाव घ्यायचं आणि बाकीचं यंत्रावर सोपवायचं, ही कल्पना तीच.

गंमत म्हणजे लोकांचा विश्वासच बसेना. कॉम्प्युटर फक्त आकडेमोड करतो, प्रोग्राम काय लिहिणार, असं म्हणून मंडळींनी तो वापरायचंच टाळलं. बाई मात्र थांबल्या नाहीत. इंग्रजी शब्दांत सूचना घेणारी फ्लो-मॅटिक त्यांनी केली आणि १९५९ मध्ये आखायला घेतलेली कोबोल बरीचशी तिच्याच पायावर उभी राहिली. म्हणजे ज्याला गणिताची चिन्हं परकी, त्या हिशेबनीसालाही कॉम्प्युटरचं दार उघडलं.

१९८६ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, त्या रिअर अॅडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचं निधन झालं. व्याख्यानांत त्या जेमतेम ३० सेंटिमीटरच्या तारा वाटत : एका नॅनोसेकंदात प्रकाश एवढंच अंतर जातो! ज्या बाईंनी नॅनोसेकंदाचा हिशेब ठेवला, त्यांना माणसाचे तास नकलण्यात गेलेले कसे खपावेत? तेव्हा दोस्तहो, तेच काम तिसऱ्यांदा हाताने करत असाल तर जरा थांबा. ते यंत्राला शिकवता येतं का, बघा.