ओसामू तेझुका: अ‍ॅनिमे 'मोठ्यांचं' करणारा डॉक्टर

कॉलेजच्या हॉस्टेलवर रूममेट अ‍ॅनिमे बघायचा, तेव्हा मी त्याला हसायचो. म्हटलं, या वयात कार्टून? मग एका रात्री त्याच्यासोबत बसलो आणि गप्प झालो. मरण, युद्ध, अपराधीपणा, सगळं त्यात होतं. हे सुरू कुठून झालं ते शोधताना एकच नाव पुन्हा पुन्हा समोर आलं: ओसामू तेझुका.

जन्म ३ नोव्हेंबर १९२८, ओसाकाजवळच्या तोयोनाका इथला. बालपण ताकाराझुका गावात गेलं. किड्यांचं इतकं वेड, की सही करताना त्यांनी आपल्या नावात 'किडा' या अर्थाचं अक्षर घातलं. १९४५ मध्ये ओसाकावर बॉम्ब पडले, त्यातून ते वाचले. त्याच वर्षी 'मोमोतारो' हा युद्धप्रचाराचा अ‍ॅनिमेशनपट पाहिला आणि आपणही असं काही करायचं हे ठरून गेलं.

शिक्षण मात्र मेडिकलचं. डॉक्टरकीची परीक्षा पास झाले, पण प्रॅक्टिस केली नाही. शिकत असतानाच १९४७ मध्ये आलेल्या 'नवे खजिना बेट' या मांगाने, म्हणजे जपानी कॉमिकने, त्यांचं नाव झालं होतं.

आता टेक्निकल भाग. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम्स असतात. प्रत्येक फ्रेमसाठी वेगळं चित्र काढायचं म्हटलं, तर २५ मिनिटांच्या एपिसोडला ३६,००० चित्रं लागतील. तीही हाताने, दर आठवड्याला! तेझुकांनी 'मुशी प्रॉडक्शन' हा स्टुडिओ काढला आणि हिशेबच बदलला. एक चित्र तीन फ्रेम्स धरून ठेवायचं, म्हणजे सेकंदाला ८ चित्रं. बोलताना फक्त ओठ हलवायचे. जुनी चित्रं जपून ठेवून पुन्हा वापरायची. आपण कोड री-यूज करतो ना, अगदी तसंच.

१ जानेवारी १९६३ ला 'अ‍ॅस्ट्रो बॉय' टीव्हीवर आला. पहिल्याच भागात एका शास्त्रज्ञाचा मुलगा अपघातात जातो. बाप त्याच्यासारखा रोबो बनवतो आणि हा वाढत नाही म्हणून त्याला सर्कशीत विकतो. चित्रं कमी हलत होती, म्हणून सगळा भार गोष्टीवर आला आणि गोष्टीने तो पेलला.

पण याची किंमत होती. तेझुकांनी ही मालिका खर्चापेक्षा कमी भावात विकली. अ‍ॅनिमेटर्सच्या तुटपुंज्या पगाराची सवय तिथूनच लागली, अशी टीका आजही होते. ती अगदीच खोटी म्हणता येणार नाही.

पुढे त्यांनी थेट मोठ्यांसाठीच सिनेमे केले: १९६९ मध्ये 'अरेबियन नाइट्स', १९७० मध्ये 'क्लिओपात्रा'. १९७३ मध्ये मुशी प्रॉडक्शन दिवाळखोरीत गेलं. तेव्हा तेझुका पंचेचाळिशीचे होते आणि त्यांचा काळ संपला असं बोललं जात होतं. त्याच वर्षी त्यांनी 'ब्लॅक जॅक' सुरू केला: लायसन्स नसलेला, भरमसाट फी घेणारा सर्जन. न वापरलेली डॉक्टरकी अशी कामाला आली! त्याच दशकात आपल्या गौतम बुद्धांच्या आयुष्यावरही त्यांनी भलामोठा मांगा काढला.

१९८४ चा त्यांचा 'जंपिंग' जेमतेम सहा मिनिटांचा आहे. एक मूल उड्या मारत निघतं. रस्ता, शहर, समुद्र मागे पडत जातात आणि एक उडी थेट युद्धात पडते. संवाद नाहीत, कट नाही. सगळं त्या मुलाच्या नजरेतून दिसतं.

९ फेब्रुवारी १९८९ ला पोटाच्या कॅन्सरने तेझुका गेले. वय फक्त ६०. मांगाची काही कामं अर्धवटच राहिली.

आज आपला फोन सेकंदाला ६० काय, १२० फ्रेम्स दाखवतो. तेझुकांनी ८ चित्रांत माणसं रडवली. पुढच्या वेळी कुणी अ‍ॅनिमेला पोरखेळ म्हटलं, तर वाद घालू नका. 'जंपिंग' दाखवा. सहा मिनिटंच लागतात.