पावले मोजणारा संगीतकार

जुलै १९०७. ऑस्ट्रियातल्या मायरनिग इथल्या तळ्याकाठच्या घरात विख्यात संगीतकार गुस्ताव मालर यांची थोरली मुलगी दगावली. तिला पाच वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यानंतर काही दिवसांनी पत्नीला तपासायला डॉक्टर आले, तेव्हा मालर यांनी स्वतःलाही तपासून घेतले. स्टेथोस्कोप छातीला लावताच डॉक्टर गंभीर झाले. पुढे व्हिएन्नातल्या तज्ज्ञानेही तेच निदान केले : हृदयाची मायट्रल झडप खराब आहे.

ही झडप हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये असते. ती नीट उघडली नाही तर रक्त फुप्फुसांकडे तुंबते. नीट मिटली नाही तर रक्त उलटे फिरते. दोन्हींत दम लागतो. मालर यांची झडप लहानपणच्या ऱ्हुमॅटिक फीवरने बिघडली असावी, असे मानले जाते. घशाच्या संसर्गानंतर येणारा हा ताप ओसरतो, पण झडपेवरचे व्रण राहतात आणि कित्येक वर्षे त्यांचा पत्ताही लागत नाही.

मालर तेव्हा ४७ वर्षांचे होते. डोंगर चढणे, पोहणे, सायकल चालवणे ही त्यांची आवड. चालता चालताच त्यांना सुरावटी सुचत. डॉक्टरांनी हे सारे बंद करायला सांगितले. मग ते पावले मोजणारे यंत्र खिशात ठेवून, घड्याळ बघत, नाडी तपासत चालू लागले. आजारापेक्षा भीतीनेच त्यांना जास्त जखडले.

पण काम थांबले नाही. १ जानेवारी १९०८ रोजी त्यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरामध्ये पहिल्यांदा वाद्यवृंदाचे संचालन केले. पुढे न्यूयॉर्क फिलहार्मोनिकची धुराही सांभाळली. याच काळात ‘दास लीड फॉन देअर एर्दे’ आणि नववी सिंफनी पूर्ण झाली. सप्टेंबर १९१०मध्ये म्युनिकला प्रचंड वाद्यवृंद आणि गायकसमूह घेऊन त्यांनी आठवी सिंफनी सादर केली. अधू झडपेचे हृदय हा सारा भार पेलत होते.

घात झाला तो दुसऱ्याच वाटेने. फेब्रुवारी १९११मध्ये घसा दुखून ताप आला. अंगात ताप असतानाच २१ तारखेला त्यांनी कार्नेगी हॉलमध्ये कार्यक्रम केला; तो शेवटचा ठरला. रक्ताच्या तपासणीत स्ट्रेप्टोकॉकस जंतू सापडले. तोंडातले असे जंतू रक्तात शिरले तरी सहसा टिकत नाहीत, पण खडबडीत झडपेवर त्यांना आसरा मिळतो. यालाच एन्डोकार्डायटिस म्हणतात. पेनिसिलिनचा शोध लागायला अजून १७ वर्षे होती. पॅरिसमधल्या उपचारांनी गुण आला नाही. अखेर त्यांना व्हिएन्नाला आणले. १८ मे १९११ रोजी, वयाच्या ५०व्या वर्षी, तिथेच त्यांचे निधन झाले.

आज चित्र वेगळे आहे. इको तपासणीत झडप किती अरुंद आहे, किती गळते हे दिसते. अरुंद झडप अनेकदा फुग्याने रुंद करता येते. गरज पडल्यास ती दुरुस्त करता येते किंवा बदलता येते. सरसकट विश्रांतीही सांगितली जात नाही. किती चालायचे, कोणता व्यायाम करायचा हे तपासणीनंतर ठरते.

मात्र ऱ्हुमॅटिक हृदयरोग भारतात अजूनही आहे. मुलांचा घसा ताप येऊन दुखू लागला तर डॉक्टरांना दाखवावे आणि प्रतिजैविक दिले असेल तर ते पूर्ण घ्यावे. झडपेचा आजार असलेल्यांनी दात आणि हिरड्या जपाव्यात, दाताच्या डॉक्टरांना आजाराची कल्पना द्यावी. कारण न समजता ताप रेंगाळला तर मनाने प्रतिजैविक सुरू करू नये. त्यामुळे रक्तातले जंतू तपासणीत सापडत नाहीत. आधी रक्त तपासावे. मालर यांनी पावले मोजली. लक्ष ठेवायला हवे होते ते तापावर.